एका हाताने चिप्स पिसायला शिकताना: तीन संचांचे परीक्षण

पोकरच्या टेबलावर समोरच्याचा निर्णय होईपर्यंत हाताला काम नसते. त्या रिकामपणी खेळाडूंची बोटे चिप्सशी, म्हणजे डावात पैशांऐवजी लावायच्या गोल चकत्यांशी, जे चाळे करतात, त्यांतला सर्वांत ओळखीचा चाळा म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन चवडी एकाच हाताने एकमेकींत मिसळून त्यांची एक चवड करणे. पत्ते पिसतात तसेच हे चिप्स पिसणे, फक्त इथे दुसरा हात मदतीला नसतो. २००३ साली ख्रिस मनीमेकर या हौशी खेळाडूने ८३९ स्पर्धकांमधून ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ची मुख्य स्पर्धा जिंकली, त्यानंतर टीव्हीवर पोकर पाहणाऱ्यांची संख्या वाढली आणि ज्यांना या खेळाशी काही देणेघेणे नव्हते त्यांनाही कॅमेऱ्यासमोर सतत खळखळणाऱ्या त्या चवडी परिचयाच्या झाल्या. मी त्या दुसऱ्या प्रकारच्या प्रेक्षकांपैकी आहे. डाव कोण जिंकतो याकडे माझे कधी फारसे लक्ष गेले नाही. खेळाडूची नजर पत्त्यांवर असताना त्याचा हात आपला आपण जे करत राहतो ते आपल्यालाही यावे, एवढीच इच्छा होती.

त्या इच्छेपोटी गेल्या वर्षभरात तीन प्रकारच्या चिप्स माझ्या हाताखालून गेल्या. पुढील परीक्षण एकाच कसोटीवर केलेले आहे: नवशिक्याच्या हातात त्या किती सुखाने पिसल्या जातात. खेळासाठी संच घेणाऱ्याला रंगसंगती, छापील किमतींचे आकडे, पेटीची मजबुती अशा इतर अनेक गोष्टी महत्त्वाच्या वाटतील आणि त्या तशा असतीलही. मी त्यांच्याकडे मुद्दाम पाहिलेले नाही. शिकण्यासाठी मुळात वीसच चिप्स लागतात. बाकीच्या पेटीत पडून राहतात.

पहिला संच सर्वांत सहज मिळणाऱ्या प्रकारातला होता. एबीएस प्लास्टिकच्या चिप्स, प्रत्येकीच्या पोटात धातूची चकती, वजन ११.५ ग्रॅम आणि ॲल्युमिनियमच्या पेटीत एकूण ३०० नग. पेटीवर सर्वांत ठळक अक्षरांत वजन छापलेले होते आणि ते कॅसिनोच्या दर्जाचे असल्याचा दावा होता. या वजनाच्या कौतुकाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण नवा माणूस इथेच फसतो. अमेरिकेतील कॅसिनोंत रूढ असलेल्या, साच्यात दाबून बनवलेल्या चिप्सचे वजन साधारण ८.५ ते १० ग्रॅम असते. म्हणजे घरगुती पेटीतल्या चिप्स खऱ्या कॅसिनोतल्या चिप्सपेक्षा जड असतात, आणि विक्रेते नेमका तो जडपणाच अस्सलपणाचा पुरावा म्हणून पुढे करतात. १३.५ आणि १४ ग्रॅमचे संचही मिळतात आणि त्यांच्या जाहिरातीत हाच सूर आणखी वरच्या पट्टीत लावलेला असतो. ‘क्ले’ या शब्दाचीही तीच कथा आहे. साच्यात दाबून बनवलेल्या पारंपरिक चिप्समध्येही मातीचा अंश इतर घटकांच्या जोडीने असतो, आणि ‘क्ले कॉम्पोझिट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक चिप्स म्हणजे भरणद्रव्य मिसळलेले प्लास्टिक असते. तेव्हा पेटीवरचे शब्द वाचून निवड करण्यापेक्षा दोन चिप्स एकमेकींवर घासून पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

ते का, हे समजण्यासाठी हाताची क्रिया जवळून पाहावी लागेल. चिपचा व्यास ३९ मिलिमीटर आणि जाडी सुमारे ३.३ मिलिमीटर असते, आणि तिन्ही संचांत या मापांत नावापुरताच फरक होता. दोन चवडी एकमेकींना टेकवून ठेवल्या की त्यांची एकत्रित रुंदी ७८ मिलिमीटर होते. उजवा हात तळवा खाली ठेवून वरून आणायचा. अंगठा डाव्या चवडीच्या बाहेरच्या बाजूला येतो आणि तर्जनी त्याच चवडीला पुढून आधार देते. अनामिका व करंगळी उजव्या चवडीला तसेच धरतात. दोन गोल चवडी जिथे एकमेकींना टेकतात तिथे पुढच्या बाजूला एक उभी घळ तयार होते, तीत मधल्या बोटाचे टोक जाते. सगळा खेळ या एका बोटाचा आहे. ते बोट तळाशी नेऊन दोन्ही चवडींच्या आतल्या कडा किंचित वर उचलायच्या, म्हणजे दोन्ही चवडी बाहेरच्या बाजूंना कलतात, आणि त्याच वेळी अंगठा व अनामिका यांनी त्या आत दाबत राहायच्या. मग मधले बोट हळूहळू वर सरकवत सोडत गेले की एक चिप डावीकडची, एक उजवीकडची अशा त्या खालून वर पडत जातात आणि एकमेकींच्या फटींत शिरतात. शेवटी सगळ्या बोटांनी भोवताली दाब दिला की चवड सरळ होते.

हे वाक्यांत लिहायला जितका वेळ लागला त्याच्या दशांश वेळात हातात घडते, आणि म्हणूनच सुरुवातीला काय चुकते तेच कळत नाही. माझ्या बाबतीत पहिले आठ-दहा दिवस दोनच प्रकार होत असत. एकतर मधल्या बोटाने चवडी इतक्या उंच उचलल्या जात की त्या दोन्हीकडे कोसळून टेबलभर पसरत, किंवा त्या मुळीच उचलल्या न जाता चिप्सच्या कडा समोरासमोर अडून बसत आणि कितीही दाबले तरी हलत नसत. दुसऱ्या प्रकारात जोर लावणे हा स्वाभाविक पण सर्वस्वी चुकीचा उपाय आहे. कडा अडतात त्या उंची जुळल्यामुळे. दोन चवडींमधल्या चिप्स अर्ध्या जाडीने वरखाली झाल्याशिवाय त्यांना आत शिरायला जागाच नसते. ती जागा दाबाने निर्माण होत नाही, कलण्याने होते.

चिप्सची खरी परीक्षा होते ती इथेच. कडेचा धारदारपणा, पृष्ठभागाचा खरखरीतपणा आणि जाडीतला सारखेपणा या तीन गोष्टी ठीक असल्या तर शिकणाऱ्याच्या ढोबळ हालचालीही चालून जातात. त्या बिघडलेल्या असल्या तर कसलेल्या हातालाही त्या चिप्स नीट पिसता येत नाहीत. जाडीचे उदाहरण घ्या. एका चवडीतल्या चिप्स दुसरीतल्या चिप्सपेक्षा सरासरी फक्त ०.१ मिलिमीटरने जाड असल्या, तरी दहाव्या चिपपाशी तो फरक एक मिलिमीटरवर जातो, म्हणजे जवळजवळ एका चिपच्या जाडीचा तिसरा हिस्सा. तळाशी बरोबर बसलेली वीण वर जाता जाता बिघडते आणि माथ्याशी दोन चिप्स एकदम एकीकडच्याच पडतात. शिकणारा मात्र दोष आपल्या बोटांना देत बसतो.

पहिल्या संचाने मला नेमके हेच करायला लावले. त्याच्या चिप्सच्या मध्यभागी छापील लेबल चिकटवलेले होते, आणि काही चिप्सवर ते खोबणीत पूर्ण न बसता कडेला किंचित उचललेले होते. डोळ्यांना हे जाणवत नसे, पण अंगठ्याच्या नखाने वरून ओढ दिली की नख तिथे अडखळे, आणि जिथे नख अडखळे तिथे वरून सरकणारी दुसरी चिपही अडखळे. शिवाय साच्याच्या दोन भागांच्या सांध्यावर उरलेली प्लास्टिकची केसासारखी बारीक कड बऱ्याच चिप्सच्या काठावर तशीच होती. पेटी उघडल्यावर पहिल्या दिवशी बोटांच्या टोकांना थोडी चुणचुण झाली ती यामुळेच. काही चिप्स एका बाजूने अगदी थोड्या फुगीरही होत्या. अशी चिप ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे ती काचेवर ठेवून बोटाने टिचकी मारणे. सपाट चिप अर्ध्या वळशात थांबते, फुगीर चिप भोवऱ्यासारखी फिरत राहते. जाणकार तिला ‘स्पिनर’च म्हणतात. वीस चिप्समध्ये एखादीच भोवरा निघाली तर ती बाजूला काढून दुसरी घेता येते. माझ्या पेटीत एका रंगातल्या बऱ्याचशा तशा निघाल्या, म्हणून तो रंगच मी सरावातून काढून टाकला. विक्रेत्याला कळवले, तेव्हा खेळताना याचा त्रास होत नाही असे उत्तर आले. ते खरेही आहे. खेळताना होत नाही.

तरीही या संचाला मी पूर्णपणे टाकाऊ म्हणणार नाही. लेबल खाली बसलेल्या, सपाट अशा वीस चिप्स त्या ३०० मधून निवडून काढल्यावर त्यांनी पहिले दोन महिने चांगली साथ दिली. वजनाचा एक फायदा मान्य केला पाहिजे: जड चिप्सची चवड टेबलावर घट्ट उभी राहते, हात जवळ आणताना धक्का लागला तरी लगेच ढळत नाही, आणि मधले बोट सुटताना चिप स्वतःच्या भाराने निश्चितपणे खाली पडते. ज्याला अजून तीन अधिक तीन चिप्सही जमत नाहीत त्याला हा आधार वाटतो. वीस चिप्सचे मिळून वजन २३० ग्रॅम होते. दहा ग्रॅमच्या चिप्स असत्या तर २०० झाले असते. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण अर्ध्या तासाच्या सरावानंतर अनामिकेच्या मुळाशी जो ताण जाणवत असे, तो हलक्या चिप्सवर गेल्यावर बराच कमी झाला. त्याचे श्रेय केवळ वजनाला द्यावे असे मात्र मला वाटत नाही. एबीएसचा गुळगुळीत काठ हातातून निसटतो, आणि निसटू नये म्हणून आपण गरजेपेक्षा जास्त जोराने धरतो. थकवा मुख्यतः त्या जोराचा असतो.

दुसरा संच मी याच शंकेच्या निरसनासाठी घेतला. हा कॉम्पोझिट प्रकारातला, पोटात धातू नसलेला, दहा ग्रॅमचा होता. पेटी उघडताच निराशा झाली. चिप्सवर पांढरट भुकटीसारखा थर होता, बोटे खडू धरल्यासारखी कोरडी झाली आणि पहिल्या दिवशी चवडी इतक्या घसरत होत्या की पहिला संचच बरा होता असे वाटले. कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने प्रत्येक चिप हलकी घासली, लगेच पुसून कोरडी केली, तेव्हा खाली दडलेला पृष्ठभाग हाताला लागला. (अशा चिप्स पाण्यात भिजत ठेवू नयेत आणि छापील मध्यभागावर ब्रश जोराने फिरवू नये.) त्या पृष्ठभागावर विणलेल्या कापडासारखी अगदी बारीक जाळी आहे. दोन चिप्स एकमेकींवर घासल्या तर त्या सरकतात खऱ्या, पण घरंगळत नाहीत. थांबवाल तिथे थांबतात. काठही किंचित मवाळ आहे, त्यामुळे दोन कडा समोरासमोर आल्या तरी एक दुसरीवरून निसटून आपली जागा शोधते. पहिल्या संचाशी आठवड्याभर झगडूनही पाच अधिक पाच चिप्स माझ्याकडून सलग पिसल्या जात नव्हत्या. धुतलेल्या कॉम्पोझिट चिप्सवर त्या दुसऱ्याच संध्याकाळी पिसल्या गेल्या. अर्थात तोपर्यंत हात काही अंशी बसलेला होता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. म्हणून उलट तपासणी केली: परत पहिल्या संचावर गेलो, आणि वीण पुन्हा तिथेच बिघडू लागली.

आवाजाचा उल्लेख परीक्षणात क्वचितच होतो, पण जो हा सराव घरात इतर माणसे असताना करणार आहे त्याच्यासाठी तो निर्णायक ठरू शकतो. धातूच्या चकतीवाल्या एबीएस चिप्स कटकट वाजतात. त्यांच्या आवाजाला एक टणक, उंच टोक असते आणि तो बंद दारापलीकडेही पोहोचतो. कॉम्पोझिट चिप्सचा आवाज बसका, सुकी पाने पायाखाली यावीत तसा आहे. तासभर तो आवाज करत बसलो तरी दुसऱ्या खोलीतून हाक आली नाही.

तिसरा संच सिरॅमिक म्हणवल्या जाणाऱ्या चिप्सचा. नावावरून गैरसमज होऊ नये. कुंभाराच्या भट्टीशी यांचा संबंध नाही, ही कडक रेझिनची चकती असते. तिच्यावर साच्याचे कोणतेही उठाव नसतात, चित्र एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत थेट पृष्ठभागात मुरवलेले असते आणि वेगळे लेबल चिकटवलेले नसल्यामुळे ते सुटण्याचा प्रश्नच येत नाही. जाडीच्या सारखेपणात हा संच तिघांत सरस होता. वीस चिप्सच्या दोन चवडी शेजारी उभ्या करून वर पट्टी टेकवली तर फटीतून उजेड दिसला नाही. हात बसलेल्या माणसाच्या हातात या चिप्स अप्रतिम पिसल्या जातात. दहा अधिक दहा चिप्सची वीण एखादी चेन लावावी तशी तळापासून माथ्यापर्यंत एका लयीत मिटते. पण काठ तीक्ष्ण आणि पृष्ठभाग सपाट असल्यामुळे त्या चूक खपवून घेत नाहीत. कलण्याचा कोन किंचित कमी पडला की कडा कडांना भिडतात आणि मवाळ काठाच्या चिप्ससारख्या आपणहून वाट काढत नाहीत. किंचित जास्त झाला की सपाट पृष्ठभागावरून वरच्या तीन-चार चिप्स एकदम सटकून जातात. या संचाने मी शिकायला सुरुवात केली असती तर बहुधा आठवड्याभरात नाद सोडून दिला असता.

चिप्स इतकाच त्यांच्याखालचा पृष्ठभागही महत्त्वाचा असतो, हे मला फार उशिरा समजले. उघड्या लाकडी किंवा काचेच्या टेबलावर तळाची चिप सरकते आणि मधल्या बोटाला तिच्या खाली शिरायला वाव मिळत नाही. पोकरच्या टेबलावर कापड ताणून बसवलेले असते, त्याचा इथे हाच फायदा होतो: दाब दिल्यावर तळाच्या चिप्सचा बाहेरचा काठ कापडात थोडा रुततो, चवड तिथेच टेकून कलते आणि आतला काठ आपोआप उचलला जातो. घरी दुहेरी घडी घातलेला टॉवेल चालतो, पण तो जास्त मऊ असेल तर चवडीच तिरक्या उभ्या राहतात. मला सर्वांत सोयीची वाटली ती संगणकाच्या माउसखाली घालण्याची रबरी पाठीची जाड चटई. तिची रुंदी दोन चवडींना पुरून उरते आणि ती स्वतः टेबलावर सरकत नाही. वर ज्या तुलना केल्या आहेत त्या सगळ्या याच चटईवरच्या आहेत. उघड्या टेबलावर तिन्ही संच सारखेच त्रासदायक वाटतील.

आता तुलना कशी केली ते सांगतो, कारण ‘चांगले पिसले जाते’ हे केवळ वाटण्यावर सोडून चालत नाही. चार लाल आणि चार निळ्या अशा आठ चिप्स घ्याव्यात आणि लाल चवड व निळी चवड शेजारी ठेवून पिसावे. वीण अचूक झाली असेल तर लाल-निळा असा एकाआड एक क्रम दिसतो. या चवडीचा वरचा अर्धा भाग, म्हणजे चार चिप्स, उचलून शेजारी ठेवून पुन्हा पिसले की दोन लाल, दोन निळ्या अशा जोड्या दिसतात. तिसऱ्यांदा तसेच केले की चारही लाल एकत्र आणि चारही निळ्या एकत्र येतात. गंमत अशी की यात तळाशी कोणत्या चवडीतली चिप पडली याने रंगांच्या या विभागणीत फरक पडत नाही, कारण पहिल्या वेळेनंतर दोन्ही अर्ध्या भागांतला रंगांचा क्रम तंतोतंत सारखाच असतो. सोळा चिप्स घेतल्या तर हेच चौथ्या वेळी घडते. सहा चिप्सना हा नियम लागू होत नाही. तिथे तळाची चिप कोणत्या बाजूची, यावर सगळे अवलंबून असते. म्हणून बहुतेक ठिकाणी सहा चिप्सपासून सुरुवात करण्याचा सल्ला दिला जात असला, तरी हालचाल एकदा कळल्यावर शक्य तितक्या लवकर आठवर जावे असे माझे मत आहे, कारण आठ चिप्स स्वतःच परीक्षक होतात. तिसऱ्या वेळी लाल रंगात एखादी निळी दिसली की मधे कुठेतरी दोन चिप्स एकदम पडल्या किंवा चवड चार-चार अशी न कापता पाच-तीन कापली गेली, हे हाताकडे न पाहताही समजते.

वीस चिप्सचे गणित यापेक्षा खट्याळ आहे. दर वेळी तळाची चिप खालच्या अर्ध्या भागातलीच पडत राहिली, तर सगळ्या चिप्स आपापल्या मूळ जागी यायला १८ वेळा अचूक पिसावे लागते. दर वेळी ती वरच्या अर्ध्या भागातली पडली, तर फक्त ६ वेळा पुरतात. पत्ते पिसणाऱ्या जादूगारांना हा हिशेब पूर्वीपासून माहीत आहे: ५२ पत्त्यांचा जोड पहिल्या पद्धतीने अचूक ८ वेळा पिसला की मूळ क्रमाने परत येतो. वीस चिप्सवर सहाचा फेरा पुरा करणे मला अद्याप फक्त सिरॅमिक संचावर साधले आहे, तेही मोजक्या वेळा. कॉम्पोझिटवर चौथ्या-पाचव्या वेळी कुठेतरी एक जोडी एकत्र पडते. एबीएसवर मी हा प्रयोग करणे सोडून दिले.

आठ चिप्सच्या कसोटीतून आणखी एक गोष्ट लक्षात आली, जिची मला मुळीच अपेक्षा नव्हती. माझ्या चुकांपैकी निम्म्याहून अधिक पिसण्यात नव्हत्याच. त्या चवड कापण्यात होत्या. पिसून झालेल्या चवडीचा बरोबर अर्धा भाग अंगठा आणि मधले बोट यांच्या चिमटीत एका झटक्यात उचलणे ही वेगळी शिकण्याची गोष्ट आहे आणि तिच्याकडे सगळ्यांचे दुर्लक्ष होते. चार चिप्सची उंची सुमारे १३ मिलिमीटर, म्हणजे साधारण माझ्या करंगळीच्या रुंदीएवढी. अंगठ्याचे नख काठावरून वर सरकवत नेले की दोन चिप्समधल्या फटी एकेक करून लागतात आणि चौथ्या फटीपाशी नख आपण होऊन थांबू लागते. कॉम्पोझिट चिप्सच्या मवाळ काठामुळे या फटी नखाला स्पष्ट लागतात. सिरॅमिकच्या काठावर त्या इतक्या बारीक असतात की तिथे उंचीच्या अंदाजानेच कापावे लागते. या एका कारणासाठीही नवशिक्याला कॉम्पोझिट संच अधिक मानवेल.

लहान पंजाच्या माणसाने वीस चिप्सचा हट्ट धरू नये. दहा अधिक दहा पिसल्यावर जी एक चवड होते तिची उंची सहासष्ट मिलिमीटर असते. तिच्या माथ्यावरून मधले बोट तळापर्यंत नेणे सगळ्यांना शक्य नसते. सहा अधिक सहापर्यंत हात सहज पोहोचत असेल तर तेवढ्यावरही क्रियेचे सगळे सौंदर्य दिसते. व्यासाने ४३ मिलिमीटरच्या मोठ्या चिप्सही बनतात. त्यांच्या दोन चवडींची रुंदी ८६ मिलिमीटर होते, आणि एका हाताने शिकण्याच्या कामी त्या घेऊ नयेत. याच्या दुसऱ्या टोकाला लहान मुलांच्या खेळांत येणाऱ्या, कडेला दातेरी खाचा असलेल्या हलक्या प्लास्टिकच्या चिप्स आहेत. त्यांच्या खाचा एकमेकींत अडकाव्यात अशीच त्यांची रचना असते, त्यामुळे त्या पिसता येतच नाहीत. चिप्स येईपर्यंत धीर नसलेल्यांनी एकाच प्रकारची मोठी नाणी घेऊन बोटांची जागा तेवढी पाहून घ्यावी. नाणी पातळ असल्यामुळे त्यांची वीण होणे फार कठीण असते, आणि त्यावरून आपल्याला हे जमणार नाही असा निष्कर्ष काढू नये.

सध्याची स्थिती अशी आहे की पहिल्या संचाची पेटी कपाटात आहे आणि पत्ते खेळायला पाहुणे आले की ती बाहेर निघते. सिरॅमिकच्या वीस चिप्स टेबलाच्या खणात आहेत. कॉम्पोझिटच्या आठ चिप्स मात्र चटईवर कायम असतात, चार लाल आणि चार निळ्या, आणि त्या आता डाव्या हातासाठी आहेत. डाव्या हाताची करंगळी अजून उजव्या हातासारखी वागत नाही. ती चवडीला आधार देण्याऐवजी हवेत उभी राहते, आणि तिसऱ्या फेऱ्यानंतर लाल चवडीत बहुतेक वेळा एक निळी चिप दिसते.